याईराची मुलगी आणि घरातले जेवण

शास्त्रपाठ : मार्क 5:21-43



याईराच्या मुलीची गोष्ट आपण रविवार शाळेपासून ऐकत आलो आहोत. उपदेश बहुधा ती मुलगी उठून चालू लागते तिथे संपतो. पण शेवटच्या वचनात प्रभू दोन सूचना देतो. ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, ही एक. आणि मुलीला खायला द्या, ही दुसरी. ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाला असताना या दुसऱ्या सूचनेवर मी परीक्षेत लिहिले होते की, मुलगी खरोखर जिवंत झाली, ती भूत नव्हती, याचा हा पुरावा आहे. उत्तर बरोबर धरले गेले. गेल्या वर्षी आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका मुलीमुळे मला ते वचन पुन्हा वाचावे लागले. तीही बारा वर्षांचीच.

नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या बाजूला तिचे घर आहे. आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिचे नाव मी लिहीत नाही. पावसाळ्यात तिला फार तहान लागू लागली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायची, एक-दोनदा अंथरुणही ओले झाले. एवढी मोठी घोडी झालीस, म्हणून आई रागावली. ते बोलणे आईला अजून खुपते. पोर वाळत चालली होती; उंची वाढते आहे, असे घरच्यांना वाटले. मग उलट्या, पोटदुखी आणि धापा टाकत घेतलेला खोल श्वास. पहिल्या ठिकाणी न्यूमोनिया समजून औषध दिले गेले. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तेव्हा यंत्रावर आकडा आलाच नाही, 'हाय' एवढीच अक्षरे आली. म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहूनही साखर जास्त.

हा टाइप 1 मधुमेह. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. तो गोड खाल्ल्याने होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मोठ्या माणसांचा 'शुगरचा' आजार बहुधा वेगळा असतो, त्याला कधी पथ्यगोळ्यांवर भागते. या मुलांना इन्सुलिनच लागते, रोज आणि आयुष्यभर. पालापाचोळ्याचे औषध त्याची जागा घेऊ शकत नाही. 1922 च्या जानेवारीत कॅनडात टोरांटो इथे चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले उपासमारीच्या पथ्यावर काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे काढत. ज्यांच्या प्रयत्नातून ते सापडले त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन असतो.

आता माझ्या चुकीबद्दल. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका घरी प्रार्थना होती. बाहेरून आलेल्या एका सेवकाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आईला सांगितले, आता सुई सोडा, सुई धरून ठेवणे म्हणजे अविश्वास. मी तिथेच, चटईवर, आईच्या शेजारी बसले होते. मी काही बोलले नाही. पाहुण्या सेवकाचा सर्वांसमोर अवमान नको, उद्या घरी जाऊन समजावू, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक होती. तिसऱ्या दिवशी निरोप आला की, पोरीला पुन्हा तसाच श्वास लागला आहे. 108 ची गाडी आली, ती वाचली. आईने मला एकच विचारले, "ताई, तुम्ही तिथंच होत्या ना?"

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी मार्कचा पाचवा अध्याय वाचला. याईराच्या घरी जाताना वाटेत जी स्त्री प्रभूच्या वस्त्राला शिवते, तिने पुष्कळ वैद्यांकडे सर्व पैसा घालवला होता. या वाक्यावरून वैद्यांविरुद्ध उपदेश करणारे मी ऐकले आहेत. पण प्रभू तिला त्याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही. आणि मुलीला तर तो स्वतः उठवतो, तरी भूक भागवण्याचे काम आईबापांकडेच सोपवतो. ज्याने मेलेलीला उठवले त्याला तिचे पोट भरणे अवघड नव्हते. पण ते काम चुलीपाशी, घरच्यांच्या हाताने व्हायचे होते. त्या घरात दुसऱ्या दिवशीही स्वयंपाक झाला असेल आणि तो न करणे हा विश्वास ठरला नसता. इन्सुलिनही मला आता त्या ताटातलेच वाटते. प्रार्थना आपण करतो, करत राहू. सुई सोडा असे सांगण्याचा अधिकार मात्र आपल्यापैकी कोणालाही नाही, आणि तसे कोणी सांगताना गप्प बसण्याचाही नाही.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. प्रभू रडणाऱ्या-ओरडणाऱ्या लोकांना बाहेर काढतो. आत राहतात ते आई, बाप आणि तीन शिष्य. आजाराचे नाव कळल्यावर पहिल्या महिन्यात या घरी हेच करायला हवे होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई मुलीसमोर डोळ्यांना पदर लावायची. "आता हिचं लग्न कसं होणार?" हे तिने ओटीवर बसून ऐकले. नंतर मला विचारले, "मी मरणार काय?" मी म्हटले, रोज सुई घेतलीस, साखर तपासलीस, तर शाळा शिकशील, नोकरी करशील, लग्नही करशील. "किती दिवस सुई?" नेहमी. ती रडली, आणि मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. पण खोटी तारीख सांगितली असती तर त्या तारखेला ती आणखी रडली असती.

आत आई आणि बाप दोघेही होते, हेही पाहा. इथे बाप पहिले दोन महिने सुईच्या वेळी गोठ्यात जायचा. निर्दय नव्हता, बघवत नव्हते त्याला. आई तापाने पडली त्या दिवशी त्याला शिकावेच लागले. आईला वाचता येत नाही, पण आठवडी बाजारात तिला वजनात कोणी फसवू शकत नाही. सिरिंजवरच्या रेषा तिने दोन दिवसांत ओळखल्या. एक गोष्ट सिस्टरने तिच्याकडून वदवून घेतली : 40 च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या कुपीला नारंगी. यात अदलाबदल झाली तर डोस चुकतो आणि जिवावर बेतते.

साखर कमी होणे तर तासाभराचाही उशीर सोसत नाही. घाम, थरथर, एकाएकी भूक, उगाच चिडचिड. 70 च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मग भाकर. यंत्र जवळ नसेल तर आकड्यासाठी थांबायचे नाही. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, कुशीवर वळवून दवाखाना गाठायचा. आणि ताप-उलटीत मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचे नाही. किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारायचे.

घरातल्या बोलण्याबद्दलही सांगते. "ऐकलं नाहीस तर सुई टोचीन," हे वाक्य आजीच्या तोंडून आले होते. सुई ही शिक्षा झाली की मूल ती लपवू लागते. आकडा जास्त आला तर "काय खाल्लंस?" असे दरडावू नका; ताप, वाढीचे वय, काळजी, यानेही साखर चढते. या मुलीने एकदा वहीत खोटा आकडा लिहिला होता, कारण खरा आकडा पाहून आई जेवत नसे. धाकट्या भावाने तर मलाही सुई द्या म्हणून हट्ट धरला. सगळे लक्ष तिच्याकडे, त्याचे कोण बघणार? बारा वर्षांच्या मुलीला स्वतः टोचायला शिकवावे, पण सगळा भार तिच्यावर टाकून मोकळे होऊ नये. सुई ती घेते, शेजारी आई बसते.

घरात फ्रिज नाही. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, मडक्यात कोरड्या डब्यात कुपी, वर ओले फडके, आणि माठ सावलीत, वारा लागेल असा. वापरात असलेली कुपी अशी साधारण महिनाभर चालते. जादा कुप्या पाळकसाहेबांच्या घरी फ्रिजमध्ये आहेत, खालच्या कप्प्यात. बर्फाच्या खणात ठेवलेले इन्सुलिन फुकट जाते.

दिवाळीनंतर टोळी निघेल. मुकादमाची उचल घेतलेली आहे, जाणे टळणार नाही. वसतिगृहात रात्री साखर उतरली तर कोण पाहणार, याचे उत्तर शाळेकडे अजून नाही. आजीला सिरिंजच्या रेषा दिसत नाहीत. पडावावर माठ नेता येईल, पण महिन्याची नवी कुपी आणि तपासणीच्या पट्ट्या तिथे कोण पोहोचवणार? महिला मंडळातल्या दोघी साखर तपासायला शिकल्या आहेत. पाळकबाईंनी मुलीला हंगामभर आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे. आई अजून हो म्हणालेली नाही. मीही आग्रह केलेला नाही. या बुधवारी पाळकबाई, मी आणि सिस्टर तिच्या घरी जाणार आहोत. आईने जेवायलाच या म्हणून सांगितले आहे.