लग्नाआधी दात पांढरे करताय? आधी तोंड उघडून दाखवा

प्रश्न : माझं वय 24. तुळशीचं लग्न लागलं की महिनाभरात माझं लग्न आहे. दात पिवळट आहेत, फोटोत तर जास्तच दिसतात. मैत्रिणीने निळ्या लाइटचं किट ऑनलाइन मागवलंय. आई म्हणते, लिंबू-सोडा लाव. अकोल्याला एका बैठकीत दात पांढरे करून देतात, असंही ऐकलंय. यातलं नेमकं काय करू?
– एक वाचक, पातूर तालुका

उत्तर : ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. लग्नसराई जवळ आली की आलेगाव, चान्नी, सस्तीकडून येणारी तरुण मंडळी दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आतच विचारतात, "डॉक्टर, पांढरे होतीन का हो?" होतात, बहुतेकांचे होतात. पण कोणत्या उपायाने होतील, हे दात कशामुळे पिवळे झाले त्यावर ठरतं. त्यामुळे उपायांच्या आधी कारणाकडे वळू.

दाताचा मूळ रंग

सात-आठ वर्षांचं पोरगं घेऊन आई येते आणि काळजीने म्हणते, "याचे दुधाचे दात कसे कापसावानी होते, हे नवे कायले पिवळे निघाले?" त्या माउलीला मी सांगतो, पोराचं काहीच बिघडलेलं नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, थोडं पारदर्शक असतं. त्याच्या आतला थर, डेंटीन, पिवळसर असतो आणि तोच कवचातून दिसतो. दुधाचे दात जास्त पांढरे आणि अपारदर्शक असतात, म्हणून शेजारी आलेला कायमचा दात पिवळा वाटतो. वय वाढतं तसं कवच झिजतं, आतला थर जाड होतो आणि रंग आणखी गडद होत जातो.

आपण वऱ्हाडातली माणसं बोंडातला कापूस चिमटीत धरून त्याची पत सांगतो. पांढरा तो चांगला, पिवळा पडला तर कवडी. दाताला हा हिशेब लागू नाही. किंचित पिवळसर दात पूर्ण निरोगी असू शकतो आणि खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्याखाली कीड सुरू झालेली असू शकते.

डाग बाहेरचा की आतला?

चहा, पान, तंबाखू, खर्रा यांचे डाग बाहेरून बसतात. त्यात दातांवर साचलेला दगडासारखा थर, म्हणजे टार्टर, मिसळला की दात पिवळे-तपकिरी दिसतात. दोन कारणं अशी आहेत की लोकांच्या ती लक्षातच येत नाहीत. एक म्हणजे क्लोरहेक्सिडिन असलेलं माउथवॉश. डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेलं असतं, लोक ते महिनोन्‌महिने वापरतात आणि दात तपकिरी होतात. दुसरं म्हणजे लोहाचं पातळ टॉनिक. त्याने दात काळपट होतात. टॉनिक बंद मात्र करू नका. स्ट्रॉने घ्या आणि लगेच चूळ भरा.

हे बाहेरचे डाग स्केलिंग आणि पॉलिशिंगने, म्हणजे साध्या साफसफाईने, निघतात. माझ्याकडे 'व्हाइटनिंग'साठी येणाऱ्यांपैकी अनेकांचं समाधान एवढ्यावरच होतं. स्केलिंगचा खर्च शेकड्यांत मोजतात, ब्लीचिंगचा हजारांत. "साफ केले की दात हलतात" ही भीती मनातून काढून टाका. आधीच सैल झालेला दात टार्टरने चिकटून राहिलेला असतो. थर निघाला की त्याचं हलणं उघडं पडतं, एवढंच.

आतले डाग वेगळे. दात तयार होण्याच्या वयात, साधारण आठ वर्षांपर्यंत, टेट्रासायक्लिन गटातलं औषध पोटात गेलं तर करडे-तपकिरी पट्टे उमटतात. मार लागून दाताची नस मेली तर तो एकच दात काळवंडतो. आणि पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असेल तर दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे येतात.

या शेवटच्या कारणाबद्दल आपल्याकडे एक गोंधळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले लोक म्हणतात, "आमच्या खाऱ्या पाण्यानं दात खराब झाले." पाण्याचा खारटपणा आणि फ्लोराईड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खारट पाणी जिभेला कळतं. फ्लोराईडला ना चव, ना रंग, ना वास. ते फक्त तपासणीत कळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5 मिलिग्रॅम. गावातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर सारखेच चट्टे दिसत असतील तर ब्लीचिंगची चौकशी नंतर करा, आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा आणि बोअरचं पाणी तपासणीला पाठवा. मोठ्यांचे दात तयार होऊन गेलेले असतात. लहानग्यांचे अजून घडत असतात.

दातांआधी गाल

दात पांढरे करायला आलेल्या माणसाचे मी सुरुवातीला दात बघत नाही. ओठ बाजूला करून गालांच्या आतली बाजू बघतो, जीभ उचलायला सांगतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा टपरीवर मिळतोच. सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू चिवट, पांढुरकी होते. तिखट झोंबायला लागतं आणि तोंड कमी कमी उघडतं.

ही चाचणी घरी करा : स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जोडून, एकावर एक येतील अशी उभी धरून, पुढच्या दातांमध्ये घाला. ती मावत नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर व्हाइटनिंग विसरा आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तपासणी करून घ्या. हे कर्करोगाआधीचं लक्षण असू शकतं. दात पिवळे म्हणून माणूस दवाखान्यात आला आणि आजार वेळेत सापडला, असंही होतं.

दवाखान्यातलं ब्लीचिंग

साफसफाई झाली, कीड भरली आणि तरीही रंग गडदच राहिला, तर ब्लीचिंगचा विचार करायचा. दवाखान्यात साधारण 25 ते 40 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं. इतकं तीव्र औषध हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून भाजते, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावतात. मग औषध पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत लावतात. तासा-दीड तासात काम होतं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. निळ्या लाइटचा थाट मोठा असला तरी रंग बदलतो तो पेरॉक्साइडने. लाइट लावल्याने कायमचा जास्त फायदा होतो, असं दिसत नाही. दुसरं, खुर्चीवरून उठताना आरशात दिसणारा पांढरेपणा थोडा फसवा असतो. तासभर कोरडे राहिल्याने दात जास्त पांढरे दिसतात, मग ओलावा परत आला की रंग थोडा उतरतो. खरा निकाल आठ-पंधरा दिवसांनी बघावा. म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीचिंग करायला येऊ नका.

डॉक्टरांच्या देखरेखीत, पण घरी

मला विचाराल तर घाई नसलेल्या बहुतेकांसाठी ही पद्धत जास्त चांगली. तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ, पारदर्शक ट्रे बनवतात. त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, प्रत्येक दातामागे तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, घालून ट्रे रात्री लावून झोपायचं. साधारण दोन आठवडे, कधी चार. अमेरिकेतल्या हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत 1989 साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून तिच्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. 10 टक्के कार्बामाइडमधून सुमारे साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणून काम सावकाश होतं. शेवटी मिळणारा रंग दवाखान्यातल्या ब्लीचिंगच्या तोडीचा असतो, खर्चही बहुधा कमी येतो. शिवाय ट्रे जपून ठेवले तर वर्षा-दोन वर्षांनी रंग उतरल्यावर नुसतं जेल आणून चार-पाच रात्रीत काम भागतं.

तोटा एकच : शिस्त लागते. आणि कोणतीही पद्धत घ्या, काही दिवस थंड पाणी दातांना ठणका देतं. एक रात्र सोडून ट्रे लावावा, पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची पेस्ट वापरावी. ठणका थांबतो.

ऑनलाइन किट आणि जांभळी पेस्ट

बाजारात मिळणारे रेडिमेड ट्रे कोणाच्याच जबड्यावर नीट बसत नाहीत. जेल हिरड्यांवर सांडतं, पोटात जातं. अनेक पाकिटांवर पेरॉक्साइड किती टक्के आहे, हेही लिहिलेलं नसतं. युरोपीय संघात 0.1 ते 6 टक्के पेरॉक्साइडची उत्पादनं फक्त दंतवैद्यामार्फत मिळतात आणि 18 वर्षांखालच्यांना ती देत नाहीत. ही अट उगाच घातलेली नाही. चांगल्या कंपनीच्या स्ट्रिप्सनी थोडा फरक पडतो, पण दात आधी तपासून घेतलेले हवेत. किडलेल्या दातात पेरॉक्साइड शिरलं तर त्या रात्री झोप नाही.

जांभळी पेस्ट म्हणजे घरातल्या निळीचाच खेळ. पांढऱ्या धोतराचा पिवळेपणा निळीने झाकला जातो, तसा इथे जांभळ्या रंगाने दाताचा पिवळेपणा डोळ्यांना कमी भासतो. काही तासांत सगळं जैसे थे. एका फोटोपुरतं चालेल. 'व्हाइटनिंग' लिहिलेल्या साध्या पेस्ट बाहेरचे डाग घासून काढतात, दाताचा मूळ रंग बदलत नाहीत.

पार्लरमध्ये 'ब्रायडल पॅकेज'मध्ये दात पांढरे करून देतो म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा. कायद्यानुसार दातांवर उपचार नोंदणीकृत दंतवैद्यानेच करायचे असतात.

लिंबू, सोडा आणि राखुंडी

आईला सांगा, लिंबाला वरणात राहू द्या. इनॅमल 5.5 च्या खालच्या सामूला विरघळू लागतं आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो. सोड्यात पिळल्यावर येणारा फेस बघून सफाई झाल्यासारखी वाटते, पण तो नुसता वायू असतो. आम्लाने मऊ झालेल्या कवचावर लगेच ब्रश फिरवला तर ते घासून निघतं आणि परत कधीच उगवत नाही. कवच पातळ झालं की आतला पिवळा थर आणखी स्पष्ट दिसतो. पांढरे करायला गेलेले दात असे पिवळे होतात.

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटेची भुकटी यांचा प्रकार हाच. डाग निघतो आणि त्याच्यासोबत दातही झिजतो. मोठ्या माणसांच्या हिरडीजवळ दाताला पडलेल्या खाचा बऱ्याचदा बोटाने जोरात घासलेल्या राखुंडीच्या असतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मंजनात, पेस्टमध्ये तंबाखू वापरायला 1992 पासून बंदी आहे, तरी ती घरोघरी भाजली जातेच. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाला माझी हरकत नाही. हलक्या हाताने करा आणि रात्री फ्लोराईडच्या पेस्टने ब्रश करा. पाण्यातल्या जास्त फ्लोराईडचा दोष मोठ्या माणसाच्या पेस्टवर लावू नका. पेस्ट थुंकून टाकायची असते.

कोणी थांबावं?

18 वर्षांखालील मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला, उघडी कीड, भेगा किंवा सुजलेल्या हिरड्या असलेले, यांनी ब्लीचिंग पुढे ढकलावं. पुढच्या दातांत कॅप किंवा सिमेंट भरलेलं असेल तर त्यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. बाजूचे दात उजळतात आणि जुनी कॅप वेगळी उठून दिसते. नस मेलेला एकच काळा दात बाहेरून नव्हे, रूट कॅनालनंतर आतून उजळवावा लागतो. टेट्रासायक्लिनच्या पट्ट्यांना ट्रेचे काही महिने लागतात. फ्लोराईडचे पांढरे चट्टे ब्लीचिंगमध्ये सुरुवातीला उलट जास्तच खुलतात, त्यासाठी वेगळे उपचार आहेत.

तुमचं वेळापत्रक

लग्नाला तीन महिने असताना तपासणी, स्केलिंग, कीड भरणं. मग पंधरा दिवस थांबून आरशात बघा. समाधान झालं तर पैसे वाचले. नसेल तर दोन महिने आधी ट्रे सुरू करा आणि लग्नाच्या महिनाभर आधी संपवा. पुढच्या दातातलं सिमेंट नव्या रंगाला जुळवायचं असेल तर ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या, त्याआधी ते नीट चिकटत नाही. ट्रे चालू असताना कडक काळा चहा, बीट, हळदीची भाजी यांच्या बाबतीत हात आखडता घ्या. हे तीन महिने हाताशी नसतील तर साफसफाई करा आणि निवांत हसा. फोटोत पिवळट दिसणाऱ्या दातांत मांडवातल्या पिवळ्या दिव्यांचाही वाटा असतो.

आणि एक काम करा. साखरपुडा झालाच असेल, तर येताना नवरदेवालाही सोबत आणा. त्यांचे दात पांढरे करायला नको, तीन बोटं मावतात का, एवढं बघू.