एक बेट, दोन देश आणि जंगलाचा आकडा

नकाशात क्युबाच्या आग्नेयेला हिस्पॅनिओला नावाचं बेट सापडेल. त्याचा पश्चिमेकडचा लहान भाग हैती, पूर्वेकडचा मोठा भाग डोमिनिकन रिपब्लिक. उपग्रहाच्या चित्रात काही ठिकाणी ही सीमा वेगळी आखावी लागत नाही. अलीकडे उघडे तपकिरी डोंगर, पलीकडे हिरवं जंगल. तुलनेसाठी याहून सोपं उदाहरण कुठलं? पण आकडे जमवायला बसलं की डोकं चक्रावतं.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) दर पाच वर्षांनी जगातल्या वनांचा अहवाल काढते. एकूण जमिनीच्या तुलनेत जंगल किती, ते पाहा (आकडे ढोबळ):

२००५ चा अहवाल : हैती ४ टक्के, डोमिनिकन २८ टक्के
२०१० चा अहवाल : हैती ४ टक्के, डोमिनिकन ४१ टक्के
२०२० चा अहवाल : हैती १३ टक्के, डोमिनिकन ४४ टक्के

यावरून ग्राफ काढून सबमिशन केलंत, तर ओरलला एक्स्टर्नल सोडणार नाही! कारण २०१० च्या अहवालात डोमिनिकनचा १९९० सालचा आकडाही ४१ टक्केच आहे. म्हणजे पाच वर्षांत झाडं वाढली नाहीत, मोजणी बदलली. हैतीचंही तेच. तिथलं जंगल तिप्पट झालेलं दिसतं खरं, पण २०२० च्या अहवालातलीच मागची वर्षं पाहिली तर १९९० पासून ते घटतच आलंय.

म्हणून नियम पहिला : काळाची तुलना एकाच अहवालातल्या आकड्यांवरून करावी.

नियम दुसरा : व्याख्या वाचावी. एफएओच्या लेखी अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, ५ मीटरहून उंच (किंवा तेवढी वाढू शकणारी) झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र म्हणजे जंगल, फळबागा बाद. आपलं भारतीय वन सर्वेक्षण १ हेक्टर आणि १० टक्के छत्र धरतं, पण फळबागाही मोजतं. म्हणजे कोकणातली मोठी आंबाबाग एका हिशेबात शेती, दुसऱ्यात वनाच्छादन! उलट हैतीत फक्त मूळ, न तोडलेलं जंगल शोधणाऱ्या २०१८ च्या एका अभ्यासात ते १ टक्क्याहूनही कमी भरलं.

मग दोन देशांतला फरक खोटा का? मुळीच नाही. पूर्वेकडून येणारे वारे डोमिनिकनला जास्त पाऊस देतात. हैतीत स्वयंपाक मुख्यतः लाकूड आणि लाकडी कोळशावर होतो. शिवाय १८२५ साली फ्रान्सनं स्वातंत्र्याच्या बदल्यात लादलेल्या भरपाईचं ओझं त्या देशानं पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं. डोमिनिकननं १९६७ मध्ये व्यापारी वृक्षतोड बंद केली आणि १९८० च्या दशकात स्वयंपाकाच्या गॅसला अनुदान दिलं.

सप्टेंबर २००४ मध्ये जीन नावाचं वादळ या बेटावर आलं. हैतीत सुमारे तीन हजार माणसं गेली, बहुतेक गोनाईव शहरात आणि आसपास. डोमिनिकन बाजूला हा आकडा दोन अंकीच राहिला. उघडे डोंगर हे एकमेव कारण नव्हे, पण पाणी आणि चिखल अडवायला वर काही उरलं नव्हतं, हेही खरं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘जंगल वाढलं’ अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा : मोजलं कोणी, कशाला जंगल म्हटलं, आणि दोन्ही वेळा फूटपट्टी तीच होती का?