शेतकऱ्याच्या घरातील अडगळ : एक दुर्लक्षित शेतीकाम

घर नीटनेटके ठेवणे हे केवळ गृहिणीचे काम आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरातील सर्व अडगळ अंगणात मांडून पाहिली, तर तीत स्वयंपाकघरातील वस्तू थोड्या आणि शेतीच्या वस्तू फार असे आढळून येते. मोडकी तिफण, झिजलेले फाळ, तुटके दोर, खताच्या रिकाम्या गोण्या, नादुरुस्त फवारणी पंप, ठिबकच्या जुन्या नळ्या, मागील हंगामातील उरलेले बियाणे आणि औषधांच्या अर्धवट बाटल्या यांनी पडवी, माळा व माजघराचे कोपरे भरलेले असतात. हा पसारा शेतीतून येतो. म्हणून तो आवरणे हे पेरणी, निंदणी व मळणी यांच्यासारखेच शेतीचे एक काम होय, आणि त्याची जबाबदारी घरातील कर्त्या पुरुषावरही तितकीच आहे.

‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून वस्तू राखून ठेवण्यात काही गैर नाही. काटकसर हा शेतकऱ्याचा गुणच आहे. दोष आहे तो वस्तू जागेवाचून ठेवण्यात. ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही, ती वेळेला सापडत नाही. मग तीच वस्तू बाजारातून पुन्हा आणावी लागते आणि जुनी तशीच पडून राहते. अशा रीतीने काटकसरीतूनच खर्च उत्पन्न होतो.

अडगळीच्या आश्रयाने राहणारे शत्रू

अडगळीचा पहिला रहिवासी उंदीर. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत विते, आणि तिची पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. पोत्यांच्या ढिगाऱ्यामागे एकदा बीळ झाले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. उंदीर जितके धान्य खातात, त्याहून अधिक लेंड्या, मूत्र व केस यांनी नासवतात. विषारी आमिषाने काही उंदीर मरतात, परंतु आश्रय कायम असेल तर त्यांची जागा दुसरे घेतात.

उंदरामागोमाग साप येतो. मण्यार हा साप रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेतच दंश करतो. त्याच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. विंचू दिवसा सरपण, विटा, दगड व जुन्या पादत्राणांत दडून बसतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचुदंशाचे मृत्यू पुष्कळ घटले आहेत. तथापि हा उपचार वेळेवर मिळाला तरच गुण येतो. सर्पदंश असो वा विंचुदंश, रोग्यास मांत्रिकाकडे न नेता त्वरित रुग्णालयात न्यावे. सर्पदंशाच्या जागी कापू नये व दोरीने आवळूनही बांधू नये.

अंगणातील अडगळीचाही विचार केला पाहिजे. जुने टायर, फुटकी मडकी व उघडे डबे यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो व सुमारे सात ते दहा दिवसांत पूर्ण वाढीचे डास बाहेर पडतात. ही अंडी भांड्याच्या कडेला कोरडीही कित्येक महिने टिकू शकतात. यास्तव केवळ पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी आतून घासून कोरडी करावी.

विष आणि अन्न एका छताखाली नकोत

सर्वांत मोठा धोका औषधांच्या बाटल्यांचा आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत जुलै २०१३ मध्ये मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. अन्न व विष यांतील अंतर राखले नाही, तर काय घडू शकते याचा हा दारुण धडा आहे.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकट असून तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. लाल रंग अत्यंत तीव्र विषाचा. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा रंग पाहून निर्धास्त राहू नये. तेही विषच आहे. सर्व औषधे मूळ वेष्टनातच, निजण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलूपबंद पेटीत ठेवावीत. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध कधीही ओतून ठेवू नये. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे व डब्यास भोके पाडून तो निरुपयोगी करावा. त्यात तेल, पाणी वा धान्य भरणे म्हणजे मृत्यूला घरात जागा देणे होय. असे डबे जाळू नयेत; जेथे ते परत घेण्याची व्यवस्था आहे तेथे जमा करावेत.

आवराआवर कशी करावी?

एकाच दिवशी सर्व घर काढू नये. काम अर्धवट राहते व पसारा दुप्पट होतो. एका दिवशी एकच जागा घ्यावी : आज माळा, उद्या पडवी, परवा गोठ्याचा कोपरा. अडगळ उपसताना पायांत बूट घालावेत, उजेड भरपूर ठेवावा, वस्तू काठीने हलवून मगच उचलावी.

काढलेल्या वस्तूंचे तीन ढीग करावेत.

१. या वर्षी वापरलेल्या व चालू स्थितीतील वस्तू. यांना घरात कायमची जागा द्यावी.

२. दुरुस्तीयोग्य वस्तू. या सुताराकडे, लोहाराकडे वा कारागिराकडे पाठविण्याचा दिवस त्याच वेळी ठरवावा. पुढील हंगाम येईपर्यंत दुरुस्त न झालेली वस्तू तिसऱ्या ढिगात टाकावी.

३. निरुपयोगी वस्तू. लोखंड व प्लॅस्टिक भंगारात विकावे, पालापाचोळा व शेण कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे.

विळे, खुरपी व दोर भिंतीवरील खुंट्यांना टांगावेत. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात अंतरावर रचावीत, म्हणजे मागून झाडता येते व उंदीर लपत नाही. जुन्या बारदानाच्या शिवणीत सोंडे व भुंगेरे दडून राहतात व नव्या धान्यास कीड लावतात. म्हणून अशी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळविल्याशिवाय वापरू नयेत. सरपण घराच्या भिंतीला टेकवून न रचता थोडे दूर व उंचावर रचावे. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या, कर्जाची कागदपत्रे व बियाण्याची बिले एका पत्र्याच्या पेटीत, वर्षवार वेगळी करून ठेवावीत. बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी हीच पावती उपयोगी पडते.

या कामाचे वेळापत्रक आपल्या सणांत आधीच आहे. मृगापूर्वी छप्पर, सरपण व अंगण आवरावे; खंडेनवमीस अवजारांची पूजा करताना ती घासून, तेल लावून, मोडकी वेगळी काढावीत; दिवाळीपूर्वी माळा व कोठार रिकामे करून नव्या धान्यास जागा करावी.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ व्याख्यान देऊन थांबू नये. गावातील एका तयार कुटुंबाच्या संमतीने त्यांची पडवी शेजाऱ्यांसमक्ष आवरून दाखवावी. कोणाच्याही घराची निंदा होईल असे बोलू नये. घराची लाज वाटू लागली की माणूस दार लावून घेतो. बैठकीस स्त्रियांबरोबर पुरुषांनाही अगत्याने बोलवावे. दोन महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : औषधांच्या पेटीस कुलूप आहे काय, पोत्यांमागे झाडता येते काय, आणि विळा मागताच हाती येतो काय. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या घरी हे काम खऱ्या अर्थाने रुजले असे समजावे.