बांध आणि तार

खारपट्ट्यातल्या माणसाला बांध म्हणजे काय, हे सांगायला नको. उधाणाचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीकाठी बांध घालतात. बांध एका गावच्या हद्दीतून दुसऱ्या गावच्या हद्दीत जातो. खांड पडते एका गावात, पण खारे पाणी दोन्ही गावांच्या शेतांत शिरते. म्हणून बांध सर्वांनी मिळून राखावा लागतो.

आज अशीच दुसरी एक वस्तू आपल्या जमिनीखालून जाते. ती म्हणजे काचेची तार.

परवा आम्ही रेशनच्या दुकानी गेलो होतो. यंत्रावर अंगठा लागेना. रेंजच नव्हती. एक आजी वाडीवरून चालत आली होती. तिला रिकामी पिशवी घेऊन परत जावे लागले. चौकशी केली तेव्हा कळले, शेजारच्या गावात नळासाठी चर खणताना तार तुटली होती. तार तुटली तिकडे आणि धान्य अडले इकडे!

कोणी म्हणेल, "फोन तर हवेतून चालतो. त्याला तार कशाला?" फोन हवेतून बोलतो तो जवळच्या टॉवरपर्यंत. पुढचा लांबचा प्रवास बहुतेक तारेतून होतो. या तारेत केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात. त्यांतून उजेडाच्या खुणा धावतात. आपला आवाज, फोटो, सातबारा, अंगठ्याचा ठसा, सारे या खुणांनी पुढे जाते.

तारेची वाट गावाहून तालुक्याला आणि तालुक्याहून मोठ्या शहराला जाते. पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके. दोघांची हद्द कागदावर आहे, तारेला ती दिसत नाही. मुंबईला तर ही वाट समुद्रात उतरते.

समुद्राच्या तळाशी देशांना जोडणाऱ्या तारा आहेत. त्यांतली एक २००५ साली सुरू झाली. ती सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत जाते. वाटेत चेन्नई आणि मुंबई लागते. लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर. हे काम एकट्याचे नव्हे. निरनिराळ्या देशांतल्या १६ कंपन्यांनी मिळून ते केले. २००८ च्या जानेवारीत इजिप्त देशाजवळ ही तार आणि आणखी एक तार तुटली. इजिप्त कुठे आणि आपण कुठे! तरी भारतातले इंटरनेट मंद झाले.

आता शेजाऱ्यांनी हात दिल्याची गोष्ट ऐका. आपले त्रिपुरा राज्य तीन बाजूंनी बांगलादेशाने वेढलेले आहे. तिथे इंटरनेट भारतातूनच, पण फार लांबच्या वळणाने पोचत असे. बांगलादेशाचा समुद्रकिनारा मात्र जवळ. मग दोन्ही देशांनी विचार केला. कॉक्सबाजारला समुद्रातून वर येणारी तार आगरतळा शहराशी जोडली. २३ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशाला १०० मेगावॅट वीज सुरू झाली. फुकट कोणी कोणाला दिले नाही. पैसे मोजून घेतले. पण दोघांचीही अडचण भागली.

दोन देश एकत्र येतात, मग दोन गावांना काय कठीण?

ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. २०२३ साली योजनेत सुधारणा झाली. तार बांगडीसारखी गोल फिरवायची, असे ठरले. बांगडी एका जागी तुटली, तरी दुसऱ्या बाजूची वाट चालू राहते. पण ही बांगडी एका गावात मावत नाही. मधल्या एका गावाने वाट अडवली, तर ती पुरी होत नाही.

मग आपण काय करावे?

१. चर किंवा खड्डा खणण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावे. ठेकेदारालाही विचारायला लावावे. खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारने २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल अॅप सुरू केले आहे.

२. उघडी पडलेली तार ओढू नये, कापू नये. तिच्यात विकायला तांबे नसते. ताबडतोब पंचायतीला कळवावे.

३. आपल्या पंचायतीची तार चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. बंद असेल तर लेखी अर्ज द्यावा. शेजारच्या गावालाही अर्जात सामील करून घ्यावे.

बांधाला खांड दिसली की आपण हद्द विचारत बसत नाही. घमेले घेऊन धावतो. तारेचेही तसेच आहे. ती राखली, तर वाडीवरच्या आजीची पिशवी रिकामी परत जाणार नाही.

विचार करा:
१. शेजारच्या गावात तार तुटली, तर आपले कोणते काम अडते?
२. त्रिपुराला बांगलादेशातून तार का घ्यावी लागली?
३. आपल्या गावाने शेजारच्या गावाबरोबर आणखी कोणती कामे करावीत?