दाढ काढल्यानंतर

(दाढ दुखू लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. दाढ काढावी लागली, तर दवाखान्यात काय होते आणि घरी आल्यावर कोणती काळजी घ्यायची, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या तोंडात दात किती आहेत? आरशासमोर उभे राहा आणि मोजा. तुमच्या वयात साधारणपणे २८ दात असतात. पुढे १७ ते २५ या वयात शेवटच्या चार दाढा येतात आणि ही संख्या ३२ होते. या दाढांना मराठीत अक्कलदाढ म्हणतात. उर्दूतही आपण हाच शब्द वापरतो. कुणाकुणाला त्या येतही नाहीत. म्हणून त्याला अक्कल नाही, असे मात्र समजू नका!

आता आणखी एका दाढेची ओळख करून घ्या. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येण्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही. म्हणून घरातील माणसांना वाटते, ही दाढसुद्धा दुधाची आहे. किडली तर पडेल आणि दुसरी येईल. पण ही दाढ कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. लहान वयात कायमच्या दातांपैकी सर्वांत जास्त किडते ती हीच दाढ.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो का? नाही. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातांत अडकलेल्या गोड पदार्थांपासून ते आम्ल तयार करतात. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे, परंतु हे आम्ल त्यालाही झिजवते. आधी काळा ठिपका दिसतो. मग खड्डा पडतो. खड्डा खोल होऊन आतल्या नसेपर्यंत पोहोचला की ठणका सुरू होतो आणि रात्रीची झोप उडते.

ठिपका दिसताच दवाखान्यात गेले, तर खड्डा भरून दाढ वाचवता येते. नस दुखावली असली, तरीही मुळांवर उपचार करून बऱ्याच दाढा वाचतात. दाढ काढणे हा शेवटचा उपाय आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल्-जहरावी नावाचे थोर शल्यचिकित्सक होऊन गेले. त्यांनी आपल्या ग्रंथात दात काढण्याच्या हत्यारांची चित्रे दिली आहेत. पण आधी इतर उपचार करून पाहा, दात काढण्याची घाई करू नका, असेही त्यांनी बजावले आहे. ते आणखी एक गोष्ट सांगतात. वेदना माणसाला फसवते. रोगी चांगल्या दातावर बोट ठेवतो आणि खरा रोगी दात बाजूलाच राहतो. आज ही चूक टाळण्यासाठी डॉक्टर क्ष-किरणांनी दाताचा फोटो काढून पाहतात.

म्हणूनच बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्याकडे कधीही जाऊ नका. त्याची हत्यारे उकळलेली नसतात. अशा हत्यारांमुळे एकाच्या रक्तातील रोग दुसऱ्याला होऊ शकतो. आपल्या देशात शिकलेले दंतवैद्य तयार व्हावेत, म्हणून डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या मुलांना यवतमाळ दूर पडते. त्यांनी आधी आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

समजा, डॉक्टरांनी तुमची दाढ काढायचे ठरवले आहे. घाबरू नका. घरून थोडे खाऊन जा, कारण नंतर काही तास नीट खाता येत नाही. डॉक्टर जे विचारतील त्याचे खरे उत्तर द्या. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नाही का? हृदयाचा आजार आहे का? विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तुम्हाला तो आजार असेल, तर न लाजता सांगा. लपवलेला आजारच पुढे त्रास देतो.

मग डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात. तेवढी टोचणी सोसावी लागते. थोड्याच वेळात ओठ जड वाटू लागतो आणि ती बाजू बधिर होते. यालाच आपण उर्दूत सुन्न होणे म्हणतो. एके काळी दाढ काढताना चार माणसांनी रोग्याला धरून ठेवावे लागे. १८४४ साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने एक वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि वेदनेशिवाय दाढ काढता येते हे दाखवले. आता तर फक्त तेवढाच भाग बधिर करतात. दाढ हलवताना दाब जाणवतो, कटकट असा आवाजही येतो. पण दुखत नाही. दुखले तर हात वर करा. डॉक्टर थांबतील.

दाढ निघाली. डॉक्टरांचे काम संपले, आता तुमचे काम सुरू झाले. दाढेच्या जागी जो खड्डा राहतो, त्यात रक्त साकळते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी घाण नाही. ती जखमेचे झाकण आहे. तिच्याखाली हाड आणि नसा सुरक्षित राहतात आणि नवे मांस भरते. ही गुठळी निघाली, तर आतले हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी दाढेपेक्षाही भयंकर ठणका लागतो. म्हणून पुढचे सर्व नियम एकाच गोष्टीसाठी आहेत : गुठळी जपा.

डॉक्टरांनी दिलेला कापडाचा बोळा अर्धा ते पाऊण तास दातांखाली घट्ट दाबून धरा. सारखा काढून पाहू नका. थुंकू नका, लाळ गिळा. लाळेत थोडे रक्त मिसळले की ती सगळी लाल दिसते, त्याने भिऊ नका. पुन्हा रक्त वाहू लागले, तर स्वच्छ बोळा ठेवून वीस मिनिटे दाबा. आपल्या जिल्ह्यात कापसाला तोटा नाही, पण घरचा किंवा शेतातला कापूस जखमेवर ठेवू नका. त्याचे तंतू आत अडकतात.

पहिले २४ तास चूळ भरू नका. नळीने सरबत ओढू नका. गरम चहा नको, गालावर गरम शेकही नको. बर्फाचा तुकडा कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटे बाहेरून गालावर धरा. गाल बधिर आहे तोवर काही चावू नका, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जाईल. नंतर थंड दूध, दही, केळी, मऊ खिचडी खा आणि दुसऱ्या बाजूने चावा. ज्वारीची भाकर आणि फुटाणे आठवडाभर थांबू शकतात.

नमाजापूर्वी वजू करताना आपण कुल्ली करतो. तिलाच मराठीत चूळ म्हणतात. पहिल्या दिवशी तोंडात पाणी खळखळवणे जखमेला बाधते. म्हणून त्या दिवशी काय करावे, हे घरातील वडीलधाऱ्यांना किंवा मौलवीसाहेबांना आधीच विचारून ठेवा. रमजानचे दिवस असतील, तर रोज्याबद्दल डॉक्टरांना सांगा. ते दाढ काढण्याची आणि गोळ्यांची वेळ तशी ठरवतील. परंतु सूज आणि ताप असेल, तर ईदची वाट पाहत बसू नका.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून, जेवणानंतर हळूच चूळ भरा. पाणी जोरात थुंकू नका. मान वाकवून गळू द्या. बाकीचे दात घासा, जखमेला मात्र ब्रश किंवा मिसवाक लावू नका. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तेवढ्याच घ्या. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. दोन-तीन दिवस कबड्डी आणि ओझे उचलणे बंद.

कोणी प्रेमाने म्हणेल, “जखमेत जरा तंबाखू दाब, आराम पडेल.” त्यांना नम्रपणे नाही म्हणा. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो. आपल्याकडे पानठेल्यांवर खर्रा मिळतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. सुपारी आणि तंबाखू सतत चघळल्याने गालाचे आतले अस्तर कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याची दाढ डॉक्टर कशी काढणार? पुढे त्यातूनच कर्करोग होण्याची भीती असते.

साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरडी वरून मिटते. आतले हाड भरायला काही महिने लागतात. या काळात दुखणे रोज थोडे कमी झाले पाहिजे. ते वाढू लागले, तोंडाला घाण वास आला किंवा दाबूनही रक्त थांबले नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. सूज गळ्याकडे उतरली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर एक तासही घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आज घरी गेल्यावर आणखी एक काम करा. तुमच्या लहान भावाबहिणींना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. सहाव्या वर्षी आलेली ती दाढ शोधा. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर आजच अब्बांना किंवा अम्मीला सांगा. ती दाढ अजून वाचू शकते.

शब्दार्थ
हिरडी – मसूड़ा
बधिर – सुन्न
गुठळी – साकळलेल्या रक्ताचा गोळा
चूळ – कुल्ली
शल्यचिकित्सक – जर्राह, शस्त्रक्रिया करणारा वैद्य
ठणका – जोराची, सतत होणारी वेदना

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची आहे, असे घरच्यांना का वाटते?
(आ) भारतातील पहिले दंत महाविद्यालय कोणी व केव्हा सुरू केले?
२. कारणे लिहा.
(अ) दाढ काढल्यानंतर थुंकू नये.
(आ) जखमेवर घरचा कापूस ठेवू नये.
३. ‘दुसरे काही न सुचणे’, ‘झोप उडणे’, ‘तोटा नसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या मित्राची दाढ आज काढली आहे. त्याने कोणती काळजी घ्यावी, हे सांगणारे आठ ओळींचे पत्र मराठीत लिहा.