नायटा आणि तरोटा

पाऊस झाला की बांधावर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. कोणी त्याला टाकळा म्हणतात. पानांच्या तीन जोड्या, फूल पिवळे, शेंग वीतभर लांब. रात्री पाने मिटतात. तरवड निराळा, त्याचे झुडूप मोठे असते.

तरोट्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न. दद्रू म्हणजे नायटा. त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. नायट्यालाच आपण गजकर्ण म्हणतो. नायटा म्हणजे अंगावर वाढणारी बुरशी, बरे का! शिळ्या भाकरीवर चढते, तिच्याच गोतातली. घाम आणि ओले कपडे तिला आवडतात. एकाचा पंचा दुसऱ्याने घेतला की त्यालाही नायटा होतो.

जुनी माणसे तरोट्याचे बी लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावीत. हे अगदीच खोटे नव्हते. 1975 साली संशोधकांनी तरोट्यातून बुरशीला मारणारे द्रव्य वेगळे काढले. त्याच जातीचे द्रव्य 'गोवा पावडर'मध्ये होते. दीडशे वर्षांपूर्वी ही भुकटी मुंबईत नायट्यावर विकली जाई. ती निघे ब्राझील देशातल्या एका झाडातून. नाव मात्र गोव्याचे! गुण येई, पण कातडी भाजे, कपड्यांना डाग पडत.

आता माझेच सांगतो. मला कमरेला नायटा झाला. दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली. मी खूश! महिन्याने पाहतो तर नायटा पाठभर पसरलेला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, यात स्टेरॉईड आहे. खाज दबते, आत बुरशी वाढतच राहते." त्यांनी गोळ्या आणि दुसरे मलम दिले. बरे व्हायला बरेच आठवडे लागले. मध्येच औषध सोडले तर रोग उलटतो. हल्ली काही बुरशींवर नेहमीच्या गोळ्याही चालेनाशा झाल्या आहेत.

हे ऐकून शेजारच्या सूनबाईने विचारले, "गुरुजी, मग पोराच्या जांघेत तरोट्याचं बी वाटून लावू का?"

मी म्हटले, "नको गं बाई. संशोधकांनी द्रव्य मोजून घेतले होते. पाट्यावर वाटलेल्या लगद्यात ते किती, कोण मोजणार? लेकराची कातडी नाजूक, भाजून निघेल. उद्या त्याला सरकारी दवाखान्यात ने. त्याचा पंचा वेगळा ठेव. कपडे गरम पाण्यात धू, कडक उन्हात वाळव. घरात आणखी कोणाला खाज आहे?"

ती लाजली. म्हणाली, "मामंजींना हाय. पण ते सांगत न्हाईत."

"त्यांनाही ने."

तिच्या ओट्यात तरोट्याचा कोवळा पाला होता. तो तिने भाजीला नेला.