शेण किती, वायू किती, अनुदान किती?

समजा, तुमच्या गावात शंभर घरे आहेत आणि पाचशे माणसे. सार्वजनिक गोबरगॅस संयंत्रासाठी ग्रामपंचायतीला सरकारी अनुदान मंजूर झाले. टाकी बांधून झाली, घरोघरी नळ्या गेल्या. आता गावातल्या सगळ्या चुली विझतील काय? याचे उत्तर मंजुरीच्या कागदात सापडत नाही, ते गोठ्यात सापडते. आपण गणितच मांडू या.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर वायू मिळतो. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला माणशी रोज सुमारे ०.२५ घनमीटर वायू लागतो. म्हणजे ५०० माणसांना १२५ घनमीटर वायू हवा आणि त्यासाठी ३,१२५ किलो शेण हवे, तेही रोज! एक मोठे जनावर दिवसाला सरासरी १० किलो शेण देते असे धरले, तर ३१३ जनावरे लागतील. शिवाय जनावर दिवसभर रानात चरत असेल तर बरेचसे शेण रानातच पडते, ते वेगळेच.

टाकीत काय घडते ते थोडक्यात पाहू. शेण आणि पाणी समभाग कालवून तो काला हवाबंद टाकीत सोडतात. काही जंतू शेणातील सेंद्रिय पदार्थांचे साध्या आम्लांत रूपांतर करतात आणि दुसरे जंतू त्यांपासून मिथेन तयार करतात. या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हे जंतू ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास खुशीत असतात, म्हणून थंडीत वायू कमी पडतो. या सगळ्यात शेणातला नत्र मात्र जवळजवळ सगळा मळीत शिल्लक राहतो. गोवरी जाळली की तो धुराबरोबर जातो. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने टाकीतून बाहेर पडणारी मळी वायूइतकीच मोलाची आहे.

आता अनुदानाकडे वळू. केंद्र सरकारने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला आणि घरगुती संयंत्रांना मोठ्या प्रमाणावर अर्थसाहाय्य दिले. पण आपल्याच गणिताने पाहा : २ घनमीटरच्या छोट्या संयंत्रालाही रोज ५० किलो शेण, म्हणजे पाच जनावरे हवीत. ज्याच्या दारी एकच गाय आहे त्याने काय करावे? सर्वांचे शेण एकत्र आणून सार्वजनिक संयंत्र चालवावे, ही कल्पना या अडचणीतून पुढे आली.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे छोटे गाव आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी उभा केलेला 'अस्त्र' हा गट तेथे काम करीत होता. आधी विचार होता स्वयंपाकाच्या वायूचा, पण तेवढे शेणच गावात नव्हते. मग गावकऱ्यांच्या गरजा नव्याने पाहिल्या गेल्या आणि पिण्याच्या पाण्याला पहिला मान मिळाला. १९८७ पासून त्या वायूवर इंजिन चालवून वीज तयार होऊ लागली. कूपनलिकेचे पाणी वर चढले, घरांत दिवे लागले. इंजिनात थोडे डिझेल मात्र घालावेच लागे, कारण मिथेन नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगीचे काम डिझेल करी.

पुऱ्याची खरी युक्ती मात्र इंजिनात नव्हती, ती हिशेबाच्या वहीत होती. प्रत्येक घरचे शेण तोलून घेत, त्या प्रमाणात मळी परत देत आणि वर थोडा मोबदलाही देत. जो देतो त्याच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे. नाहीतर चार दिवस उत्साह टिकतो आणि मग टाकी उपाशी राहते.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गोबरधन योजनेत शेणाबरोबर इतर जैविक कचराही धरलेला आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ ते २०२४-२५ या काळासाठी, सामूहिक संयंत्रांकरिता प्रत्येक जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. अशा रकमेतून टाकी, नळ्या, शेगड्या होतात. पण रोज सकाळी काला कालवणाऱ्या माणसाची मजुरी कोण देणार, हे गावानेच आधी ठरवावे लागते. आमच्या मते अर्जातला पहिला रकाना खर्चाचा नसावा, जनावरांच्या मोजणीचा असावा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. गावातली भूमिहीन बाई रस्त्यावर पडलेले शेण फुकट गोळा करून गोवऱ्या थापते. तेच तिचे सरपण. शेणाला भाव आला की ते रस्त्यावर राहत नाही. तिच्याकडे जनावर नाही, तेव्हा टाकीत घालायला शेण नाही, आणि शेत नाही म्हणून मळीचाही उपयोग नाही. अशा घराला वायूचा वाटा कोणत्या नियमाने द्यायचा?

वर्गात हा प्रयोग करून पाहा. चौघाचौघांचे गट करून आपल्या वस्तीतील जनावरे मोजा, गोठ्यात बांधलेली आणि चरायला जाणारी वेगळी नोंदवा. दोनतीन गोठ्यांतील एका दिवसाचे शेण प्रत्यक्ष तोला आणि वरील आकड्यांशी ताडून पाहा. मग वायू किती घरांना पुरेल ते काढा. ज्या घरांत एकही जनावर नाही, त्यांची संख्याही वहीत लिहा.